अंगठ्याने वाजवणारा मुलगा

गिटारच्या परीक्षेच्या तयारीसाठी माझ्याकडे येणारा एक मुलगा पिक, म्हणजे तारा छेडायची छोटी चकती, हातात धरतच नाही. त्याला पिकवर आणायचं की नाही, हे माझं अजून ठरत नाहीये. घर एका खोलीचं, वाजवायला वेळ मिळतो तो सगळे झोपल्यावर. तारेवर पिकची टकटक झाली की कोणीतरी जागं होतं. म्हणून अंगठा. जॅझ गिटारवादक वेस मॉन्टगोमेरीने अमेरिकेतल्या इंडियानापोलिसमध्ये पिक सोडलं तेही रात्रीच्या रियाजाचा आवाज शेजाऱ्यांना सहन होईना म्हणूनच. या मुलाने त्याचं नावही ऐकलेलं नव्हतं.

परवा सराव परीक्षेला शेजारी बसलेले सहकारी लगेच म्हणाले, "ही सवय आधी मोडा." मला ते पटलं नाही. मुलाची अडचण अंगठ्यात नव्हतीच, ती डाव्या हातात होती.

तो ऑक्टेव्ह, म्हणजे एकच स्वर लागोपाठच्या दोन सप्तकांत एकाच वेळी, वाजवत होता. सहावी-चौथी आणि पाचवी-तिसरी या तारांच्या जोडीत वरचा स्वर दोन पट्ट्या (फ्रेट) पुढे असतो. चौथी-दुसरी आणि तिसरी-पहिली या जोड्यांत मात्र तीन, कारण तिसऱ्या आणि दुसऱ्या तारेतलं अंतर बाकीच्यांपेक्षा अर्ध्या स्वराने कमी आहे. म्हणजे पाचवी-तिसरीवरून चौथी-दुसरीवर जाताना करंगळी एक पट्टी लांबवावी लागते, आणि नेमकं त्याच क्षणी तर्जनी ताठ होऊन मधल्या तारेवरून उचलली जाते. अंगठा तर तिन्ही तारांवरून एका झटक्यात जातो. मधली तार बोटाने गप्प केलेली नसेल तर नको तो स्वर घुसतो. तर्जनीचं टोक खालचा स्वर दाबतं, तिचा पोटाकडचा मांसल भाग मधल्या तारेवर नुसता टेकतो, आणि टोक किंचित पुढे काढून शेजारच्या जाड तारेलाही गप्प करतं. हे व्हिडिओंत कोणी दाखवत नाही. पट्ट्यांचे आकडे तेवढे दाखवतात.

त्याच्या गिटारवर 10 नंबरच्या सेटच्या (सगळ्यात बारीक तार इंचाच्या 10 हजारांश जाडीची) राउंडवाउंड, म्हणजे गोल तार गुंडाळलेल्या, तारा होत्या. अंगठ्याखाली त्या खरखरतात, आणि सेटमधली साधी तिसरी तार ऑक्टेव्हमध्ये पातळ वाजते. 12 ते 52 चा फ्लॅटवाउंड, म्हणजे चपटी पट्टी गुंडाळलेल्या गुळगुळीत तारांचा, सेट चढवला. त्यात तिसरी तार 24 ची, गुंडाळलेली असते. ती जुन्या नटच्या (मानेच्या टोकाशी तारा टेकतात त्या पट्टीच्या) खाचेत बसत नाही, खाच कानसावी लागते. ताण वाढून मान पुढे झुकते, म्हणून मानेतली सळई, ट्रस रॉड, साधारण पाव फेरा घट्ट केला, एक रात्र ठेवून पुन्हा पाहिला आणि शेवटी ब्रिजवर इंटोनेशन (प्रत्येक पट्टीवर स्वर नेमका लागणं) जुळवलं. आपल्याकडे पावसाळ्यात लाकूड ओल धरतं, तेव्हा हे सगळं परत तपासावं लागतं.

वेसची सुरुवात थोरला भाऊ मॉंक याने आणून दिलेल्या चार तारांच्या टेनर गिटारवर झाली. विशीच्या सुमारास जॅझ गिटारवादक चार्ली ख्रिश्चनची रेकॉर्ड ऐकून त्याने सहा तारांची गिटार घेतली आणि ख्रिश्चनचे सोलो कानाने जसेच्या तसे बसवले. नोटेशन त्याला येत नव्हतं. आमच्या परीक्षेत तो दृष्टिवाचनातच, म्हणजे समोर आलेलं नोटेशन पाहून लगेच वाजवण्यातच, अडकला असता, आणि ही त्या परीक्षेचीच उणीव आहे. 1948 ते 1950 जॅझ वादक लायोनेल हॅम्प्टनच्या वाद्यवृंदात वाजवून तो घरी परतला. मग दिवसा कारखाना, रात्री क्लब. 1959 मध्ये रिव्हरसाइड या रेकॉर्ड कंपनीने करार केला तेव्हा तो छत्तिशीत होता. आधी एकेरी स्वर, मग ऑक्टेव्ह, मग भरलेले कॉर्ड अशी चढत जाणारी त्याची सोलोची बांधणी आज सगळेच शिकवतात.

तरी गतीचा प्रश्न उरतोच. 200 च्या लयीत एका ठोक्याला दोन स्वर म्हणजे मिनिटाला 400. प्रत्येकाला खालचाच आघात द्यायचा तर सेकंदाला साडेसहाच्या वर. वेस बरेच स्वर डाव्या हाताच्या हॅमर (बोट तारेवर आपटणं), पुल (बोटाने तार ओढून सोडणं) आणि स्लाइडने (बोट सरकवणं) काढून अंगठ्यावरचा भार हलका करी. बाकीची बोटं पिकगार्डवर टेकवून अंगठा मुळापासून हलवी. मधल्या सांध्यातून हलवला तर तो लवकर दमतो. मुलाला यावरच लावलं आहे.

मात्र परीक्षेत स्वरमालिका पिकच्या आलटून-पालटून आघातांनीच वाजवाव्या लागतात, आणि उद्या ऱ्हिदमचं, म्हणजे साथीचं, काम मिळालं तर त्यातही पिकचा टोकदार आवाजच मागतील. तूर्त स्वरमालिका आणि ऱ्हिदम पिकने, सोलो अंगठ्याने. दोन्हीकडे वेळ वाटल्यावर अंगठ्याचा गोल नाद टिकतो का, हे मी दर आठवड्याला रेकॉर्ड करून तपासतो आहे. तो पातळ होऊ लागला तर या वर्षी परीक्षेचा अर्ज भरायचा नाही, असं त्याच्या वडिलांना सांगून ठेवलंय.