वंशाचा रकाना आणि ६५० शब्द

‘अमेरिकेतलं आरक्षण सुप्रीम कोर्टानं बंद केलं’ असं अजूनही सर्रास ऐकू येतं. पण आपल्याकडच्यासारख्या राखीव जागा तिथल्या प्रवेशांतून १९७८ सालीच बाद झाल्या. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या वैद्यकीय महाविद्यालयात १०० पैकी १६ जागा राखीव होत्या. ‘बॅकी’ खटल्यात कोर्टानं ती पद्धत रद्द केली, पण इतर गोष्टींसोबत वंशही पाहायची मुभा ठेवली. मिशिगन विद्यापीठ पुढे ठरावीक अल्पसंख्याक गटांतल्या अर्जदारांना १५० पैकी सरसकट २० गुण देत असे, तेही २००३ मध्ये थांबलं. २९ जून २०२३ ला हार्वर्ड आणि नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठांच्या खटल्यांत गेली ती ही उरलेली मुभा.

आता कॉमन ॲपच्या, म्हणजे अनेक कॉलेजांना एकच चालणाऱ्या ऑनलाइन अर्जात वंशाचा रकाना भरला, तरी कॉलेज तो स्वतःपासून झाकून ठेवू शकतं. उरतो निबंध: २५० ते ६५० शब्द. सरन्यायाधीश रॉबर्ट्स यांनी निकालपत्रात लिहिलंय की वंशाचा आपल्या आयुष्यावर काय परिणाम झाला हे विद्यार्थी सांगू शकतो, पण त्याचं श्रेय त्याच्या धैर्याला, जिद्दीला किंवा नेतृत्वाला मिळायला हवं, वंशाला नव्हे. नेमकं इथेच तिथल्या आपल्या मराठी मुलांचे निबंध फसतात. गणपती, भरतनाट्यम, आजीची पुरणपोळी अशी यादी होते आणि मुलानं स्वतः काय केलं ते राहूनच जातं. मराठी शाळेत रविवारी शिकवलं असेल, तर कोणत्या वयाची मुलं होती, काय जमेना, मग शिकवण्यात काय बदललं, हे लिहावं. सण एका वाक्यात उरकावा.

निकालानंतर आशियाई (यात भारतीय वंशाचीही आली) मुलांना सगळीकडे दारं उघडतील हा अंदाजही चुकला. २०२४ च्या प्रवेशांत एमआयटीत त्यांचं प्रमाण ४० वरून ४७ टक्के झालं, कृष्णवर्णीयांचं मात्र १५ वरून ५ वर आलं. येलमध्ये त्याच वर्षी आशियाई ३० वरून २४ टक्क्यांवर उतरले. एका वर्षाच्या आकड्यांवरून कल ठरवू नये, हे खरंच. पण माजी विद्यार्थ्यांच्या मुलांना आणि खेळाडूंना मिळणाऱ्या झुकत्या मापाला या निकालानं हातही लावला नाही. हार्वर्डच्या खटल्यात या वाटेचा विस्तार चांगलाच उघड झाला होता, आणि माझ्या मते खरा वाद तिथे व्हायला हवा. कॅलिफोर्नियानं २०२४ मध्ये कायदा करून खासगी कॉलेजांतही माजी विद्यार्थी आणि देणगीदारांच्या नातलगांची सवलत बंद केली.

पुण्या-नाशिकहून एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर जाणाऱ्यांची मोजणी ‘आशियाई’मध्ये होतच नाही, ते ‘आंतरराष्ट्रीय’ गटात धरले जातात. त्यांनी वंशापेक्षा एक प्रश्न आधी विचारावा: परदेशी अर्जदारानं आर्थिक मदत मागितली, तर त्याचा प्रवेशाच्या निर्णयावर परिणाम होतो का? बऱ्याच कॉलेजांत होतो, आणि ते त्यांच्या आर्थिक मदतीच्या पानावर लिहिलेलं असतं.