न्योर्डलिंगेन: लोणारच्या थोरल्या भावाच्या पोटात वसलेलं गाव

मी मूळची मेहकरची. घरी पाहुणे आले की त्यांना लोणार दाखवायला न्यायचंच, असा आमचा शिरस्ता. म्हणून जर्मनीत म्युनिकला भावाकडे गेले तेव्हा सगळे प्रसिद्ध रोथेनबुर्ग शहर सुचवत होते, तरी मी न्योर्डलिंगेनचा हट्ट धरला. हे जुनं गाव चक्क उल्कापाताच्या विवरात वसलंय. लोणारचं विवर साधारण १.८ किलोमीटर रुंद, हे जवळजवळ २४. वय सुमारे दीड कोटी वर्षं.

म्युनिकहून डोनाउव्योर्तला गाडी बदलायची, तिथून अर्धा तास. चार-पाच जण असाल तर 'बायर्न-टिकीट' घ्या, एकाच तिकिटात सगळे दिवसभर फिरतात. फक्त ते वेगवान गाड्यांत चालत नाही आणि कामाच्या दिवशी सकाळी नऊनंतरच लागू होतं.

गावाभोवतीचा तट अखंड आहे: २.७ किलोमीटर, पाच वेशी. वरून चालायला पैसे पडत नाहीत, आणि वाटेवर कौलारू छप्पर असल्यामुळे पाऊस आला तरी अडत नाही. आम्हाला पाऊस लागलाच. तटाला पाठ टेकवून बांधलेली छोटी घरं, त्यांची परसं, रचून ठेवलेली जळाऊ लाकडं असं सगळं बघत आम्ही सावकाश फेरी मारली. उंच माणसांनी तुळया सांभाळाव्यात.

पाऊस थांबल्यावर सेंट जॉर्ज चर्चच्या 'डॅनियल' मनोऱ्यावर चढलो. ९० मीटर उंची, ३५० पायऱ्या. गुडघे दुखत असतील तर घाई नको, पण शक्य असेल तर हे चुकवू नका, कारण गावाचं खरं रूप वरूनच कळतं. लाल कौलांचं गोल रिंगण, त्याच्या आत आधीच्या, लहान तटाच्या जागी वळसा घेत गेलेला रस्ता, बाहेर सपाट शेतं, आणि पार क्षितिजाला झाडीनं भरलेल्या बुटक्या टेकड्यांची कड. ती कड म्हणजे विवराचा काठ. लोणारला काठावर उभं राहून तळ बघायचा असतो. इथे तळात उभं राहून काठ शोधावा लागतो. माझ्या अंगावर काटा आला.

खाली उतरल्यावर चर्चच्या भिंतीला हात लावून बघा. करडा, खरबरीत दगड, त्यात काळपट काचेचे वेडेवाकडे तुकडे अडकलेले. हा सुएव्हाइट, आघातात वितळलेला आणि चुरा झालेला खडक पुन्हा एकजीव होऊन बनलेला. त्यात डोळ्यांना न दिसणारे हिऱ्याचे कणही आहेत. पूर्वी लोक याला ज्वालामुखीचा दगड समजत. १९६० साली युजीन शूमेकर आणि एडवर्ड चाओ या भूशास्त्रज्ञांना या भागातल्या दगडात कोएसाइट हे प्रचंड दाबाखाली बनणारं खनिज सापडलं, आणि उल्कापाताचा पुरावा मिळाला. लोणारलाही कितीतरी काळ ज्वालामुखीच म्हणत होते. १९७० मध्ये अपोलो १४ या चांद्रमोहिमेचे अंतराळवीर अ‍ॅलन शेपर्ड आणि एडगर मिचेल खडक ओळखायला शिकण्यासाठी याच परिसरात आले होते.

हे सगळं नीट समजून घ्यायचं तर विवर संग्रहालय बघायला हवं. सोमवारी जाऊ नका. आम्ही सोमवारीच पोचलो, ते बंद, म्हणून मुक्काम एका रात्रीनं वाढवला. दुसऱ्या दिवशी तिथे चंद्रावरून आणलेला खडक बघितला. काचेआडचा तो लहानसा तुकडा सोडून माझा पाय निघेना.

जेवणाचं सांगते. शाकाहारी असाल तर केझेश्पेत्झले मागवा: चीज घातलेल्या मऊ शेवया, वर तळलेला कांदा. कधी त्यात डुकराच्या मांसाचे तुकडे घालतात, म्हणून आधीच 'ओने श्पेक' सांगा. रविवारी दुकानं बंद असतात, किराणा शनिवारीच घेऊन ठेवा. थोडे रोख युरो जवळ असू द्या.

आणि रात्री राहाच. दहा ते बारा, दर अर्ध्या तासाला मनोऱ्यावरचा पहारेकरी हाळी देतो: 'झो, ग्झेल, झो!', म्हणजे 'असं, गड्या, असं!' या हाळीमागची कथा १४४० सालची. द्वारपाल फितूर होऊन वेस उघडी ठेवली होती. एक डुकरीण दाराला अंग घासताना एका बाईला दिसली, वेस उघडी असल्याचं कळलं आणि गाव वाचलं. आम्ही साडेदहाला चौकात उभे होतो. दगडी फरशी ओली, माणूस कुणी नाही. वरून हाळी आली, लांबलचक, शेवटी उतरत जाणारी. भावाची सात वर्षांची मुलगी खालून तशीच ओरडली. मग आम्ही अकराच्या हाळीसाठी तिथेच थांबलो.