तिसरा स्टड: कॉइल उपटून आली, आता बुश

मागच्या नोंदीत इंजिनाच्या क्रँककेसच्या (खालच्या अॅल्युमिनियम कवचाच्या) तिसऱ्या स्टडला (सिलिंडर धरणारा आट्यांचा दांडा) हेलिकॉइल (खराब आट्यांच्या जागी बसणारी तारेची कॉइल) बसली, काम मिटलं असं लिहिलं होतं. मिटलं नव्हतं. २० न्यूटन-मीटरला पाना एकदम हलका झाला आणि स्टडसोबत अख्खी कॉइल वर आली, वेढ्यांत अॅल्युमिनियम अडकलेलं.

दोष भोकाचा. एम८ × १.२५ (व्यास ८ मिमी, दोन आट्यांतलं अंतर १.२५ मिमी) च्या कॉइलला ८.३ मिमीचं ड्रिल लागतं. हातड्रिलने मारलेलं हे भोक तोंडाशी ८.८ बाय ८.४, लंबगोल. कॉइलच्या टॅपचा (भोकात आटे पाडायचं हत्यार) बाहेरचा व्यास साधारण ९.६, म्हणजे रुंद बाजूला आट्यांची उंची ०.६५ ऐवजी जेमतेम ०.४. शिवाय कॉइल फक्त ८ मिमी लांब! अॅल्युमिनियममध्ये व्यासाच्या दीडपट, १२ मिमी तरी हवीच. एकाच लांबीच्या कॉइल असलेलं किट घेऊच नये.

आता बुश, म्हणजे आतून-बाहेरून आटे असलेली नळी: बाहेरून एम१२ × १.५, आतून एम८, लांबी १६. त्यासाठीचं १०.५ चं ड्रिल जुने आटे पुरते साफ करतं. बुशची भिंत मात्र जेमतेम मिलिमीटरभरच उरते, म्हणून पितळ नको, स्टील.

खरी अडचण अशी की ड्रिल जुन्या वाकड्या भोकामागेच जातं. आधी क्रँककेस मिलिंग मशीनवर चढवायचा बेत होता. मग सुचलं, सिलिंडरची फ्लँजच (स्टडची भोकं असलेली खालची कड) नमुना आहे! फ्लँजवरून १६ मिमी जाड पट्टीवर तीन भोकं उतरवली, दोन शेजारच्या स्टडवर घट्ट, तिसरं १०.५ चं. पट्टी जोडपृष्ठावर सपाट बसते, त्यामुळे काटकोन आपोआप मिळतो. मग १२ चं भोक असलेली तशीच दुसरी पट्टी टॅपसाठी. रॉकेल सढळ, अर्धा फेरा पुढे, पाव मागे. शेवटी बॉटमिंग टॅप (भोकाच्या तळापर्यंत आटे पाडणारा), आणि बुरा हवेने पूर्ण बाहेर. तळाशी तेल साचलं तर स्टड घट्ट होताना क्रँककेस फुटू शकते.

बुश पृष्ठभागाच्या अर्धा मिमी खाली, जास्त तापमानाच्या थ्रेडलॉकरवर (आटे पकडून ठेवणारा गोंद), चोवीस तास तशीच. स्टड तळाला टेकू दिला नाही. मग १०, १८, २५ न्यूटन-मीटर. रात्रभर ठेवून कॅलिपरने उंची मोजली: बदल शून्य. फार समाधानाचा आकडा!

पहिल्या भोकाचे आटेही हाताला मऊ लागतायत. ते फाटायची वाट न पाहता पट्टीत ८.३ चा मार्गदर्शक बसवून १२ मिमीची कॉइल घालणार.