आजीच्या चुलीवरची दोन सरकारं

आबा पलटणीत गेले तेव्हा आजी जेमतेम सतरा-अठराची. सातारा जिल्ह्यात, कोरेगाव तालुक्यात आमची विहिरीवरची थोडी बागायत. बाकी सगळी जिरायती ज्वारी. आबा आधी बेळगावला होते, मग १९४३ मध्ये मराठा लाइट इन्फंट्रीबरोबर इटलीत गेले. आजीला इटली म्हणजे 'पान्याच्या पल्याड' एवढंच ठाऊक.

तोवर तिनं फक्त दारं धरली होती, म्हणजे पाटाचं पाणी वाफ्यांत वळवलं होतं. आता बैलांनी विहिरीचं पाणी ओढायची मोट हाकायला कोणी उरलं नाही. बैल धावेवर, म्हणजे विहिरीलगतच्या उतारावर, मागं रेटत आणायचे, मोट भरली की नाड्यावर, तिच्या दोरावर, बसून पुढं हाकायचे. हे बायकांचं काम नव्हे म्हणून भावकी हसली. सासू मात्र मुकाट्यानं खोरं घेऊन दाऱ्यावर उभी राहिली. मला आमच्या घराण्यातली ही पणजी फार आवडते.

पैसा मनीऑर्डरनं यायचा. आजी अंगठा उठवायची, पत्र पोस्टमनच वाचून दाखवायचा, त्यामुळं घरातलं गुपित आधी त्याला कळायचं. पण पैसा असून मिळायचं काय? घासलेट नाही, कापड कंट्रोलचं, दाणे लेव्हीत, सरकारच्या सक्तीच्या धान्यवसुलीत, जायचे. दोन जुनी लुगडी फाडून, दंड घालून, म्हणजे चांगले तुकडे जोडून शिवून, तिनं एक केलं. भोकाचा नवा पैसा तेव्हाच निघाला. तिला तो खोटाच वाटला होता.

आणि त्याच काळात आमच्या भागात क्रांतिकारक नाना पाटलांचं प्रतिसरकार, इंग्रजांना न जुमानणारं गावकऱ्यांचं समांतर सरकार, उभं राहिलं. भूमिगत पोरं उसात लपायची. आजी गवताच्या भाऱ्यात भाकऱ्या बांधून न्यायची. नवरा इंग्रजाच्या पलटणीत आणि भाकऱ्या इंग्रजाच्या वैऱ्यांना! तिला विचारलं तर म्हणायची, "प्वारं उपाशी हुती. सरकार कुनाचं ते मला काय इचारतीस?" मला हे पूर्ण पटत नाही. भाकऱ्या लपवून नेणाऱ्या बाईला कळत होतंच की.

आबा लढाई संपल्यावर परतले, पण भाकऱ्यांचं तिनं त्यांना १९४७ नंतर सांगितलं. पलटणीतला माणूस, तोंडातून निसटलं तर? आबा रागानं बरेच दिवस तिच्याशी बोलले नाहीत म्हणे.

"मग तू काय केलंस?"

"काय करायचं? नाय बोलनात. मोट तर हाकत हुते."