अर्धापूरची केळी आणि कॉफीची लिकर

नांदेडात केळ्यांना तोटा नाही. अर्धापूर जवळच आहे, इसापूरच्या कालव्याच्या पाण्यावर तिथल्या बागा उभ्या आहेत. उन्हाळ्यात फणी घरी आणली की बघता बघता सालीवर ठिपके येतात आणि मग साल काळी पडते. अशी केळी खायला कुणी हात लावत नाही, पण केकला मला तीच लागतात. केळं पिकताना त्यातल्या स्टार्चची साखर होते, खरा वासही तेव्हाच सुटतो. पिवळीधमक केळी घातली तर केक नुसता गोड होतो, केळ्याचा लागत नाही.

यंदा दिरांनी काहलुआची बाटली आणली. मेक्सिकोतल्या व्हेराक्रूझची ही कॉफीची लिकर, १९३६ पासून बनते. रम, साखर आणि अरेबिका कॉफी. चमचाभर चाखली आणि ही केळ्यांबरोबर जाणार हे मनात पक्कं झालं.

मिश्रण करायला घेतलं तशा आत्याबाई ओट्याशी आल्या. "काय वतायलीस गं त्यात?"

"कॉफीची दारू आहे आत्याबाई. आणि अंडीही आहेत."

"मग माझं येगळं कर. माळ हाय गळ्यात."

ज्याच्या ताटात जाणार त्याला आधी सांगायलाच हवं. भाजल्यावर दारू उडून जाते असं सगळे म्हणतात, पण ते अर्धंच खरं. अल्कोहोल ७८ अंशांना उकळतं हे बरोबर, तरी अमेरिकेच्या कृषी विभागाच्या तक्त्याप्रमाणे तासभर भाजल्यावरही त्यातला साधारण चौथा हिस्सा पदार्थात उरतो. म्हणून मुलांनाही आत्याबाईंच्याच केकमधलं द्यायचं ठरलं.

लिकरच्या केकला तीन काळी केळी काट्यानं कुस्करली. १०० ग्रॅम लोणी आणि १२० ग्रॅम साखर फेटली. लिकर गोडच असते, त्यामुळे साखर मुद्दाम कमी धरली. मग दोन अंडी, केळी, दोन मोठे चमचे लिकर, चमचाभर इन्स्टंट कॉफी, आणि शेवटी २०० ग्रॅम मैदा, चमचाभर बेकिंग पावडर, पाव चमचा सोडा. मैदा घातल्यावर हात आवरता घ्यावा, जास्त घोटलं की केक चिवट होतो. आत्याबाईंच्या भांड्यात अंड्यांऐवजी अर्धी वाटी दही आणि लिकरऐवजी कडक काळी कॉफी. दह्याच्या आंबटपणामुळे सोडा चांगला फुलतो.

ओटीजी १७० अंशांवर, पाऊण तासाच्या थोडं पुढे.

मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते यानंतरचं. भट्टीच्या उष्णतेत कॉफीचा वास बराचसा निघून जातो. घरभर दरवळतो खरा, पण केकमध्ये थोडाच राहतो. म्हणून केक गरम असतानाच त्याला टूथपिकनं जागोजाग भोकं पाडली आणि तीन मोठे चमचे लिकर ब्रशनं हळूहळू पाजली. पहिला हात लगेच जिरला, दुसऱ्याला वेळ लागला, तिसऱ्यानंतर वरची साल तपकिरी, चकचकीत झाली. कडेला साखर धरली होती, तिथला करपट-गोड वास आणि कॉफीचा वास एकात एक मिसळले. ही वरची लिकर भाजली जात नाही, म्हणजे ती जशीच्या तशी राहते, हेही वाढताना सांगितलं.

गरम केक कापू नये. रात्रभर झाकून ठेवला की लिकर आतपर्यंत पोचते आणि केळ्याचा ओलावा सगळीकडे सारखा होतो. दुसऱ्या दिवशीच्या फोडीला आदल्या दिवशीची सर येत नाही असं कुणी म्हणालं तर मी मानणार नाही. दिरांनी दोन फोडी खाल्ल्या आणि तिसरी डब्यात मागितली.

आत्याबाईंचा केक थोडा घट्ट झाला होता, पण त्यांना तो तसाच आवडला. तव्यावर थोडं तूप सोडून फोड परतून दिली, तेव्हा म्हणाल्या, "पुढच्या एकादशीनंतर परत कर, शेजारच्या बायांना बी बोलवते."