एक मासा, चार वर्तुळं

एमएस्सीच्या प्रोजेक्टला नांदूर मध्यमेश्वरच्या पाणथळीची अन्नजाळी, म्हणजे तिथे कोण कोणाला खातं याचं जाळं, घेतली, तेव्हा वाटलं होतं, त्रास होईल तो निफाडच्या थंडीचा. पहाटेची एसटी, वहीवर न वळणारी बोटं. ते सगळं निभावलं, परवानगीही मिळाली. जीव खाल्ला तो एक्सेलच्या एका फाइलने.

फाइल साधीच. दोन रकाने: कोण खातं, काय खातं. प्रत्येक ओळ म्हणजे जाळ्यातला एक धागा. पाणकावळा चिलापी खातो, चिलापी शेवाळ खाते, असं. नोंदी आम्ही तिघांनी केलेल्या. एकाने लिहिलं चिलापी, दुसरीने टिलापिया, मी घाईत चिलापि. संगणकाला काय कळतंय! त्याने तीन मासे धरले. वारकरी आणि कूट, एकाच पक्ष्याची नावं, तेही दोन पक्षी झाले.

आठ दिवस घालवून ते निस्तरलं, तरी प्रोग्रामने काढलेल्या आकृतीत, जिथे एक वर्तुळ म्हणजे एक जात, 'चिलापी' नावाची दोन वर्तुळं. अक्षर न् अक्षर सारखं. मोठं करून पाहिलं, मैत्रिणीला दाखवलं, प्रोग्राम काढून पुन्हा टाकला. शेवटी रात्री दीडला कर्सर शब्दाच्या टोकाला नेला, तर तो एक घर पुढे जाऊन थांबला. शब्दामागे एक स्पेस होती. एक!

तेव्हा आधी ट्रिम करा, म्हणजे शब्दांमागच्या फालतू स्पेस काढा, मग बाकीचं. नावं शक्यतो शास्त्रीयच लिहा. आणि हो, बाणाची दिशा पहिल्याच दिवशी ठरवा. रीत अशी की भक्ष्याकडून भक्षकाकडे, म्हणजे ऊर्जा जाते तिकडे. आमच्या निम्म्या ओळी उलट्या निघाल्या. मासे पाणकावळे खात होते.

एवढी चिडचिड का, तर त्या स्पेसने निष्कर्षच फिरवला होता. डन, विल्यम्स आणि मार्टिनेझ या संशोधकांनी २००२ मध्ये १६ अन्नजाळ्या तपासून दाखवलं होतं की सहज हाताला येईल ती जात काढली तर जाळी बरीच तग धरते, सर्वांत जास्त धागे असलेल्या जाती काढत गेलं की भराभर उसवते. माझ्या पहिल्या आकृतीत चिलापीचे धागे वाटले गेलेले, म्हणून ती कोपऱ्यात किरकोळ. नावं एक केली आणि आफ्रिकेतून आलेला हा मासा रामसर, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या यादीतल्या, पाणथळीच्या जाळ्यात मधोमध येऊन बसला.

सर आकृती बघून म्हणाले, "अगं, ही एवढी मोठी चिलापी आधी कुठे होती?"

"चार ठिकाणी, सर."