शब्दवही : ‘डॉक’ पूर्ण झाला

या शब्दवहीत मी एकेका इंग्रजी शब्दाचे अर्थ आणि मुळं कार्डावर नोंदवते. मागच्या खेपेला ‘बँक’ घेतला होता. नदीचा काठ आणि पैशाची पेढी हे त्याचे अर्थ कितीही लांबचे वाटले, तरी मागे मागे गेलं की दोघांचं जर्मानिक (इंग्रजी, डच, जर्मन ज्यातल्या तो भाषागट) मूळ एकच निघतं. ‘डॉक’चं नेमकं उलटं आहे. एकाच स्पेलिंगखाली चार वेगळे शब्द नांदतात. त्यांची सरमिसळ होऊ न देणं हेच या वेळचं खरं काम होतं.

पहिला आपल्या मुंबईकरांचा, गोदी. तो डच आणि लो जर्मन (उत्तर जर्मनीतली भाषा) यांच्या बाजूने इंग्रजीत आला. जुन्या वापरात त्यात बांधकाम नाहीच. ओहोटीला जहाज चिखलात बसतं आणि त्याच्या बुडाने जो खळगा पडतो, तो डॉक! शिवडीला ओहोटीच्या वेळी चिखलात कललेल्या होड्या पाहिल्या असतील, तर हा अर्थ वेगळा समजवावा लागत नाही. पुढे खळगा मुद्दाम खणू लागले, भिंती आल्या, दरवाजे आले. जहाजं बांधणाऱ्या लवजी वाडियांची १७५० ची सुकी गोदी (पाणी काढून जहाज दुरुस्त करायची जागा), १८७५ चा ससून डॉक, १८८० चा प्रिन्सेस डॉक हा सगळा त्याच खळग्याचा विस्तार. अंतराळयानं एकमेकांना जोडतात ते ‘डॉकिंग’ही इथलंच.

दुसरा कोर्टातला. आरोपीही जहाजासारखा एका जागी अडकलेला असतो, अशी जुळवाजुळव करायचा मोह होतो. ती करू नये. हा शब्द फ्लेमिश (बेल्जियममधली डच) ‘डोक’शी जोडला जातो. डोक म्हणजे कोंबड्यांचं खुराडं, सशांचा पिंजरा. आणि आपणही ‘आरोपीचा पिंजरा’च म्हणतो! दोन भाषांना स्वतंत्रपणे तेच सुचावं, याचा मला फार आनंद झाला.

तिसरा जनावराच्या शेपटीचा मांसल बुंधा. त्यावरून शेपूट छाटणं, आणि मग पगार कापणं.

चौथी वनस्पती, जुन्या इंग्रजीपासूनची. शास्त्रीय नाव रूमेक्स. भाजीवाल्याकडचा आंबट चुका याच रूमेक्समधला, त्यामुळे हे कार्ड करताना परकं काहीच वाटलं नाही.

आता ‘पाउंड’ घेतला आहे. वजन आणि चलन लॅटिनकडून आलेलं. कोंडवाडा आणि कुटणं मात्र जुन्या इंग्रजीतले दोन निराळे शब्द. कोंडवाड्यापासून सुरुवात करते आहे. गावाकडच्या कोंडवाड्याचे जुने शब्द कोणाला माहीत असतील तर जरूर कळवा.